बिनडोळ्यांचा मासा

रोह्याच्या आमच्या घरात टीव्हीशेजारी शाडूचा एक मासा आहे. पोट फुगलेलं, शेपटी वाकडी, रंग जांभळा, आणि डोळे नाहीत. नवीन माणूस आला की हमखास म्हणतो, "अहो, याचे डोळे राहिले की!" मी म्हणते, "राहिले नाहीत, काढलेच नाहीत." आणि चहा टाकायला उठते.

लग्न होऊन पेणला आले तेव्हा मी तिथल्या एका बालवाडीत बाई होते. पोरं तीन-चार वर्षांची, निम्मी गणपतीच्या कारखान्यांतली. खेळणी नावाला होती, पण शाडू हवा तेवढा! कुठल्याही कारखान्यात गेलं की उरलासुरला गोळा मिळायचा, वर डब्यांच्या तळाचे रंगही मिळायचे. तेव्हा मी ठरवलं, पोरांकडून अख्खा समुद्र करून घ्यायचा. छे, चुकले. करून घ्यायचा नाही, करू द्यायचा. मुख्यबाईंचं आणि माझं वाजलं ते यावरूनच.

मुख्यबाई मनाने वाईट नव्हत्या हो, पण नेटकेपणाचं भारी वेड. त्यांनी फळ्यावर मासा काढायचा आणि सगळ्यांनी तस्साच काढायचा, ही त्यांची रीत. मी मात्र जुन्या कॅलेंडरांचे पाठकोरे कागद भिंतीला चिकटवले आणि म्हटलं, रंगवा रे समुद्र! पोरांनी तो चिखलाच्या रंगाचा रंगवला. मुख्यबाईंनी विचारलं, "समुद्र निळा असतो ना?" एक पोरगं बिनधास्त म्हणालं, "नाय बाई, धरमतरला असाच हाय." खाडी बघून वाढलेली पोरं ती, निळा रंग आणणार कुठून? मी पदर तोंडाला लावून हसले. मग त्या चिखलात हिरवे खेकडे आले, सुंभाचे पाय लावलेला कसलासा प्राणी आला, होडीपेक्षा मोठी कोलंबी आली. काय मजा होती म्हणून सांगू!

त्यात एक मुलगी होती. तिचे आजोबा मूर्तींचे डोळे आखायचे. कारखान्यात बाकीचं काम कुणीही करतं, पण डोळे सगळ्यात शेवटी, आणि तेही मुरलेल्या हाताने. तिने हा जांभळा मासा केला आणि तो कुणाला हातही लावू देईना. रोज संध्याकाळी फ्रॉकच्या ओच्यात घालून घरी न्यायची, सकाळी परत आणायची. "उशाशी घेऊन निजते," तिची आई कौतुकाने सांगायची.

पालकांना समुद्र दाखवायचा दिवस उजाडला. मुख्यबाई फिरत फिरत तिच्यापाशी थांबल्या. "अगं, आंधळाच ठेवलास होय याला?" असं म्हणत त्यांनी ब्रश काळ्या रंगात बुडवला. पोरीने असा टाहो फोडला की बाहेर उभे असलेले पालक धावत आत आले. मासा पोटाशी धरून ती कोपऱ्यात जाऊन बसली, काही केल्या उठेना.

"बघा! हे तुमचं मोकळं सोडणं," मुख्यबाई मला म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "मासा तिचा आहे. तिला नको असतील तर नकोत डोळे," मी सगळ्यांसमोर सुनावलं. वयाने केवढ्या मोठ्या होत्या त्या, पण तेव्हा मला कुणाची भीड वाटली नाही.

तिचे आजोबा पुढे झाले, तिच्यासमोर उकिडवे बसले. "काय झाला गो बाय?"

हुंदके देत ती म्हणाली, "डोळे काढले की पाण्यात सोडायला लागतो. मना नाय सोडायचाय याला."

आजोबांनी टोपी काढून तोंडावरून फिरवली. मग म्हणाले, "चूक माझीच हाय. घरचा गणपती बोळवताना लय रडली. तवा मीच सांगितला, डोळे उघडले का देव पाहुना झाला, पाहुन्याला जाऊ द्यायला लागतो." मुख्यबाईंनी ब्रश पाण्यात धुऊन ठेवला. "राहू दे बाळा, तसाच राहू दे," एवढंच म्हणाल्या. मासा डोळ्यांवाचून त्या चिखलाच्या समुद्रापुढे मांडला गेला आणि कार्यक्रम संपताक्षणी ती त्याला उचलून घेऊन गेली.

पुढे यांना रोह्याच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही पेण सोडलं. एस.टी. स्टँडवर सामान चढवत होतो, तर ही आजोबांचं बोट धरून आलेली. हातात कागदाची पुडी. "बाई, हा तुमाला."

उघडून बघते तर मासा! मी म्हटलं, "अगं वेडे, हा तुझा ना? तू कुणाला हात लावू देत नाहीस याला."

"व्हय," ती म्हणाली. "डोळे नाय काढले. तुमाला सोडायला लागनार नाय."

एवढ्या माणसांत मी घळाघळा रडले. हे विचारत राहिले काय झालं म्हणून. नागोठणं गेलं, निडी गेलं, मी मासा मांडीवर धरून बसले होते. ती पोर आता कुठे असते, मला ठाऊक नाही. मासा माझ्याकडेच आहे.