संथ धारेचे कारागीर श्रीपादअण्णा

श्रीपादअण्णा हुक्केरीकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका टिपकागदाकडे पाहत बसले होते. मी आल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. मी तेव्हा ट्रकच्या इंजिनांची माहिती संगणकावर गोळा करणाऱ्या एका कंपनीत होते. नागपूरहून बंगळुरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीचा आलेख काढता येतो अशी माझी ठाम समजूत होती. बोम्मसंद्रातल्या त्यांच्या गॅरेजात लॅपटॉप उघडत मी नमस्कार केला, तर अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. एका ट्रकच्या इंजिनातून काढलेल्या तेलाचा थेंब त्यांनी कागदावर सोडला होता आणि तो पसरत होता. थेंब पसरून थांबेपर्यंत गॅरेजात कुणी बोलायचं नाही, हा तिथला दंडक होता.

मी मुकाट्याने उभी राहिले. मुकाट्याने उभं राहणं मला फारसं जमत नाही, हे मला ओळखणारे सांगतील. थेंब मधे काळा होता. त्याभोवती तपकिरी वलय उमटलं, मग त्याहून फिकं, मग कडेला मधाच्या रंगाची एक पातळ रेघ. पत्र्याच्या फटीतून दुपारचं ऊन त्या कागदावर आलं होतं. बाहेर होसूर रोडवर गाड्या धावत होत्या आणि आत एक थेंब आपल्या चालीने चालला होता. किती वेळ गेला मला आजही सांगता येणार नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "तेल म्हातारं झालंय, पण कामाचं आहे की अजून. राहू दे." मग त्यांनी माझ्याकडे वळून चहा घेणार का, असं विचारलं. माझ्या लॅपटॉपनेही तेच सांगितलं असतं, पण चहा विचारला नसता.

या गौरवग्रंथाचे बरेच वाचक अण्णांना आपल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात पंगती वाढणारे आणि सगळ्यांत शेवटी जेवायला बसणारे बसवनगुडीचे गृहस्थ म्हणून ओळखतात. ते दिवसभर नेमकं काय करतात याची कल्पना थोड्यांनाच आहे. म्हणून सांगते. डिझेल ट्रकच्या इंजिनात तेलाचं एक फिल्टर असतंच. पण सगळं तेल त्यातून झपाट्याने जावं लागतं, त्यामुळे त्याची जाळी फार बारीक ठेवता येत नाही. काजळीचे अगदी सूक्ष्म कण तेलाबरोबर फिरत राहतात आणि इंजिन आतून झिजवत राहतात. अण्णा त्या तेलाची एक बारीक धार बाजूला काढतात, दाट गुंडाळलेल्या कागदाच्या दुसऱ्या फिल्टरातून ती अगदी सावकाश जाऊ देतात आणि पुन्हा इंजिनाच्या तळाशी सोडतात. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यालाही, म्हणजे कूलंटलाही, ते असंच एक छोटं फिल्टर जोडतात. तिथे गंज, खपल्या आणि ओतकामातली उरलेली रेती अडकते.

"घाईचं काम मोठ्या फिल्टरला करू दे. आपण सावकाशीचं करायचं," असं अण्णा म्हणतात. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की कधीकधी दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या मला ती धार दिसायची. अंधारातून, काळ्या कागदाच्या घड्यांमधून, कुणाच्याही नकळत ती वाट काढत असायची. समोर मीटिंग चाललेली असायची आणि मी त्या धारेबरोबर असायचे. दोन वर्षं शनिवारचे शनिवार गॅरेजात काढल्यावर मी नोकरी सोडली आणि अण्णांकडे शिकायला राहिले. आईने नागपूरहून फोनवर विचारलं, की इंजिनीयर होऊन हात काळेच करायचे होते तर इतकं शिकलीस कशाला.

अण्णांचा धंदा फिल्टर बसवण्याचा असला तरी येईल त्याच्या गाडीला ते बसवतात असं नाही. एकदा एक मालक नवा कोरा ट्रक घेऊन आले. त्यांना दोन्ही बाजूंना चकचकीत फिल्टरं हवी होती, म्हणजे बघणाऱ्यावर छाप पडेल. अण्णांनी त्यांना आधी सध्याचं तेल वेळेवर बदलायला सांगितलं आणि वर्षभराने यायला सांगितलं. ते गेल्यावर म्हणाले, ताटात भाकरी नाही आणि ह्यांना लोणची दोन हवीत.

माझ्या आजारपणातली एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मला ताप आला होता आणि मी एकटीच राहत होते. अण्णा दोन बसगाड्या बदलून माझ्या घरी आले ते पेजेचा डबा घेऊन. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी ती पेज आधी फडक्यातून गाळली आणि मग तेच फडकं दुहेरी करून पुन्हा गाळली. मी तापातही हसले. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. डबा घासून ठेवून ते गेले.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या चुकीचं आहे. गौरवग्रंथात लिहिणाऱ्याने आपल्या चुका सांगू नयेत असा संकेत असेल तर तो मी मोडते आहे, कारण अण्णा मला खऱ्या अर्थाने कळले ते त्या चुकीमुळेच.

मल्लाप्पा हे अथणीकडचे. स्वतःचा एकच ट्रक स्वतः चालवतात. तो ट्रक त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, नवा असताना घेतला होता. नवं इंजिन सुरुवातीला बेताने चालवून बसवावं लागतं. घाई केली तर ते जन्मभर कुरकुरतं. अप्पांनी कितीतरी महिने तो ट्रक नवरी घरी आणल्यासारखा चालवला होता. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण त्या इंजिनाचं झाकण आजवर कुणी उघडलेलं नव्हतं. इंजिनात अजून अप्पांचा हात आहे, एकदा उघडलं की तो गेला, असं मल्लाप्पा मानत. ते उघडावं लागू नये एवढ्यासाठीच ते अण्णांकडे आले होते. अण्णांनी दोन्ही फिल्टरं बसवून दिली आणि पुढची देखभाल माझ्याकडे सोपवली.

कूलंटच्या काही फिल्टरांत गंजरोधक औषध भरलेलं असतं, ते हळूहळू पाण्यात विरघळतं. काही नुसती असतात, कोरी. मल्लाप्पांच्या ट्रकमध्ये औषध आधीच घातलेलं कूलंट होतं, तेव्हा तिथे कोरं फिल्टर पुरेसं होतं. मला त्या ट्रकचा फार लळा लागला होता. मी औषधाचं लावलं. मुदतीच्या आधीच ते बदलून दुसरं लावलं, आणि वर औषधाची बाटलीही ओतली. अण्णांना विचारलं नाही, कारण चांगलंच तर करत होते. अति तिथे माती, हे लहानपणी मी शंभरदा वहीत लिहिलेलं आहे.

ते जादा औषध पाण्यात मावेना, तेव्हा त्याचा लगदा झाला आणि तो रेडिएटरच्या नळ्यांत बसला. एका चढावर मल्लाप्पांचं इंजिन तापलं. ट्रक गॅरेजात आला तेव्हा अण्णांनी टिपकागदावर थेंब सोडला. या वेळी तो पसरलाच नाही. मधोमध चिकट काळा गोळा राहिला आणि भोवती पाणचट कडा उमटली. तापून आतलं गॅस्केट, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं पॅकिंग, गेलं होतं आणि कूलंट तेलात उतरलं होतं. इंजिन उघडण्यावाचून इलाज नव्हता. अण्णांनी रेडिएटरच्या तोंडात बोट घालून तो हिरवट लगदा बाहेर काढला, बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं, किती वेळा बदललंस. मी खरं ते सांगितलं.

मल्लाप्पा बाहेर चिंचेखाली बसले होते. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं. मी अण्णांच्या तोंडाकडे पाहत राहिले. गॅरेज त्यांचं, नाव त्यांचं, वयाने ते मोठे. त्यांनी दोन शब्द बोलून हे निभावून न्यावं असं मला मनापासून वाटत होतं. मला स्वतःची लाज वाटते, पण वाटत होतं खरं.

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "मी सांगितलं तर तो मला माफ करील बघ. आणि तू आहे तशीच राहशील. जा, तू सांग."

मी गेले. काय बोलले ते नीट आठवत नाही. माझंच चुकलं, अण्णांचं नाही, आणि इंजिन उघडावं लागेल, एवढं मात्र सांगितलं. मल्लाप्पा रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते उठले, ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि दुपारभर स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच राहिले. अण्णांनी दुसऱ्या कुठल्याही कामाला हात लावला नाही. गॅरेज इतकं शांत होतं की चिंचेचा पाला पत्र्यावर पडलेला ऐकू येत होता. मला वाटलं, ही दुपार आता संपणारच नाही. संध्याकाळी मल्लाप्पा खाली उतरले आणि "सरी, ठीक आहे, उघडा," इतकंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, उतरवलं. मल्लाप्पा पाठ करून उभे होते. अण्णांनी स्वच्छ फडक्याने पहिल्या सिलिंडरची आतली भिंत पुसली, बॅटरीचा उजेड आत टाकला आणि बराच वेळ वाकून राहिले. मग त्यांनी हाक मारली.

"मल्लाप्पा, ये. भिऊ नको. बघ तरी."

सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या केसासारख्या बारीक रेषा असतात. इंजिन कारखान्यात घडतं तेव्हाच त्या घासून काढलेल्या असतात, तेल धरून ठेवण्यासाठी. इतक्या वर्षांच्या ट्रकमध्ये त्या कधीच झिजून भिंत आरशासारखी गुळगुळीत झालेली असते. इथे त्या सगळ्या होत्या. उजेड हलला की एक जाळं चमकायचं, विझायचं आणि दुसरं चमकायचं. मी तशी दृष्ट लागण्यासारखी गोष्ट पुन्हा पाहिलेली नाही. मल्लाप्पांनी पुसलेलं बोट आत घालून त्या रेषांवरून फिरवलं.

अण्णा म्हणाले, "इंजिन ज्यानं बसवलं त्याचं काम हे. तुझ्या अप्पांचं. आम्ही मागनं पुसत राहिलो इतकंच."

मल्लाप्पा रडले. मीही रडले. आपल्या धंद्याची इतकी मोठी पावती समोर असताना अण्णांनी ती सरळ एका गेलेल्या माणसाच्या नावावर केली, हे मला फार पुढे, एकदा बसमध्ये बसले असताना उमगलं. लगदा धुऊन काढायला आठवडा लागला. आठवडाभर अण्णा, वय विसरून, माझ्या शेजारी उकिडवे बसून नळ्या धुवत होते. चुकीबद्दल त्यांनी पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

मल्लाप्पा त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते. यायचे, अण्णांशी बोलायचे आणि जायचे. तो त्यांचा हक्कच होता. मग मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस कूलंट बदलायची वेळ आली. अण्णा उठायला लागले तर मल्लाप्पांनी त्यांना बसायला सांगितलं. बॉनेट त्यांनी स्वतः उघडलं, माझ्यासमोर डबा ठेवला आणि म्हणाले, "तुम्हीच घाला, अक्का. या वेळी स्वल्प कमी."

अण्णा दुसरीकडे बघत हसत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही ते मी सांगणार नाही, त्यांना आवडणार नाही.

अण्णा, आज तुम्हाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. शुभेच्छा देतानाही मी आता हात राखूनच देते. तुमची तब्येत धडधाकट राहो, चाल अशीच संथ राहो, आणि आमच्या चुका आमच्याच तोंडून ऐकायला तुम्ही आणखी पुष्कळ वर्षं आमच्यासमोर बसलेले असा. तुम्ही नसाल तर त्या कबूल करण्याचं धैर्य आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघून आणायचं?