वाकणारी पिन

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर काम करणारा येळ्ळूरचा भावकू गावात भित्रा म्हणूनच प्रसिद्ध होता. म्हशीला भ्यायचा, फटाक्याला भ्यायचा, सासऱ्याचं तर विचारूच नका. पण त्याच्या हातची वस्तू वर्षानुवर्षं टिकायची, कारण ती मोडेल या धास्तीनं त्याला घास गोड लागत नसे.

म्हणूनच चौऱ्याऐंशी साली खासबागचे मारुतीराव त्याला शोधत आले. फौजेतून निवृत्त झालेला हौशी माणूस. जावयानं परदेशातून रिमोटवर उडणारं छोटं हेलिकॉप्टर आणून दिलेलं. वरची दोन्ही पाती एकाच पिनेवर बसवलेली, आणि जरा आपटलं की ती पिन वाकायची. बेळगावात तिचा सुटा भाग कुठला मिळायला!

“कधी न वाकणारी करून दे,” मारुतीराव म्हणाले. “रविवारी तुझ्याच गावच्या माळावर उडवून दाखवतो.”

भावकूनं लॉरीच्या जुन्या व्हॉल्व्हचं पोलाद निवडलं. एक कामाची आणि एक जास्तीची अशा दोन पिना कातल्या, लालबुंद तापवल्या आणि तेलात बुडवल्या. असं पोलाद नंतर पुन्हा बेतानं तापवावं लागतं, नाहीतर ते काचेसारखं तडकतं. भावकूला हे पाठ होतं. पण तापवलं आणि मऊ पडलं तर? या भीतीनं त्यानं नेमकं तेवढंच टाळलं.

रविवारी सदरा घालताना खिशातली जास्तीची पिन फरशीवर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. दुसरी तर हेलिकॉप्टरात बसली होती. तो अनवाणीच माळाकडे धावत सुटला.

माळावर सगळा गाव लोटला होता. पुढच्याच रांगेत त्याची बायको नागुबाई पदर सावरत बसलेली. इंजिन सुरू झालं होतं. बोलावं तर उभ्या जन्माचं नाव मातीत जाणार, गप्प बसावं तर सुटलेलं पातं कुणाच्या तरी नरड्यात बसणार.

पाती फिरू लागली आणि तो किंचाळला, “बंद करा सायेब! पिन तुटतीया! माझं चुकलंय!”

“भ्यालं रं, भावकू भ्यालं!” माणसं खो खो हसली.

मारुतीरावांनी इंजिन बंद केलं. रागानं पिन काढली, दगडावर ठेवली आणि हातोडीनं एक हलका ठोका दिला. ती तटकन तुटली. हसणं जागच्या जागी थांबलं.

“दुसरी मऊ करून देतो सायेब,” भावकू रडत म्हणाला. “वाकंल, पन वाकल्याली दिसंल तरी. ही न सांगता जाती.”

पुढच्या रविवारी मऊ पिन लावून हेलिकॉप्टर उडालं. गावानं टाळ्या पिटल्या. भावकूनं मात्र आधी नागुबाईला हाताला धरून पार मागं नेलं आणि स्वतः तिच्यापुढं उभा राहिला.

“अवो, सरका की जरा, मला काय बी दिसंना,” ती म्हणाली.

त्यानं डोळे गच्च मिटून घेतले, पण तो सरकला नाही.