खपाटीला गेलेली भिंत

आमच्या जरीपटका वस्तीतल्या घरात एक भिंत आहे, तिचं पोट खपाटीला गेलेलं. मधोमध असा खळगा, की पाहुण्यांना मी सांगायचो, ही जन्मापासून उपाशी आहे, चतुर्थी काही सोडत नाही. तिच्यावर टांगलेलं कॅलेंडर भिंतीला कधी चिकटलं नाही. त्यामागं पालींच्या चार पिढ्या सुखानं नांदल्या. ती बाबांनी स्वतः, सुट्ट्या घेऊन प्लास्टर केलेली.

आईच्या वर्षश्राद्धाआधी घर नीट करायला घेतलं. नव्या फरशा बसल्या, भिंतींच्या पायथ्याला सागवानी पट्टीचं स्कर्टिंग तेवढं राहिलं. सुतारानं या भिंतीला पट्टी लावून पाहिली. दोन्ही टोकं टेकली, मध्ये बोट जाईल एवढी फट. तो म्हणाला, खळगा सिमेंटच्या मसाल्यानं भरून घेऊ, संध्याकाळपर्यंत भिंत सरळ. मी हो म्हणालो.

बाबा उठले आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. आई गेल्यापासून त्यांनी वर्षभरात जेवढे शब्द वापरले, तेवढे आमचा शेजारी एका शिंकेत वापरतो. मी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, भरायची नाही. मी म्हणालो, बाबा, वाकडी आहे हो ती.

“मले माहीत नाही का? सूत बांधून प्लास्टर करून राहिलो होतो मी. मे महिना. तुह्या मायनं कूलर ओढत आणला न् माह्या पाठीशी लावला. त्या हवेनं सूत भिंतीकडं वाकलं, न् सुतामागं प्लास्टरही.”

“मग बंद काहून नाही केला?” मी विचारलं.

बाबांनी हात मागं नेऊन खळगा चाचपला.

“दिसत होतं मले, सूत वाकून राहिलं ते. पण ती बादलीनं पाणी टाकून राहिली होती त्याच्यात. म्हणे, आता बरं वाटते न? कसं सांगू गा तिले, बंद कर म्हणून?”

सुतारानं मसाल्याचं घमेलं उचलून बाहेर नेलं.

मग आम्ही पट्टीच तासली. भिंतीच्या वळणावरून पेन्सिल फिरवून पट्टीच्या वरच्या कडेवर रेघ उतरवली, आणि त्या रेघेपर्यंत पट्टीची पाठ टोकांकडं रंध्यानं उतरवत नेली. खोलीत एवढा भुसा पडला की कुही गावातलं एखादं धानाचं खळं लाजलं असतं. समोरून पट्टी सरळ, मागून भिंतीसारखी. पाचव्या वेळी ती खळग्यात बसली, कागदसुद्धा शिरेना.

टोकं मात्र पापडासारखी पातळ झाली. खिळा मारला असता तर फुटली असती. सुतार म्हणाला, डिंक लावतो, पण सुकेस्तोवर कुणीतरी दाबून धरायला पाहिजे. मी दोन विटा आणायला निघालो, तोवर बाबा एका टोकाशी बसलेही होते, तळवा पट्टीवर. दुसऱ्या टोकाशी मी बसलो. आमच्यात सबंध खोली होती. चहा आला तो आम्ही डाव्या हातानं प्यायलो. डिंक सुकल्याचं सुतारानं सांगितलं, मी हात काढला. बाबांनी नाही काढला.