चित्रातल्या बाईच्या टाचा

मोनिकाबायमुळे मी आज अबुधाबीत आहे, नाहीतर माझा व्हिसा तेव्हाच खलास झाला असता. अल रीम आयलंडवरच्या ज्या मराठी घरात मी साफसफाईला लागले, तिथे ती नऊ वर्षं स्वयंपाक करत होती. ती वसईची ख्रिस्ती. मी दापोलीकडची, सातवीतून शाळा सुटलेली. मॅडमनी नुसती हाक मारली तरी माझ्या पोटात गोळा यायचा. मोनिकाबायच्या पोटात कधी काही आलं नाही. जे यायचं ते तोंडात.

हॉलमध्ये युरोपातलं दीडशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र होतं. चर्चमध्ये पुढे गादीच्या खुर्चीवर रेशमी झग्यातली श्रीमंत बाई, मागे दगडी फरशीवर गुडघे टेकलेली गरीब बाई. तिचे अनवाणी, मळके तळवे आपल्याकडे. पाहुण्यांना मॅडम सांगायच्या, "गरिबांची श्रद्धा बघा किती निर्मळ."

"निर्मळ म्हणे," मोनिकाबाय किचनमध्ये फणकारायची. "चित्रातलीला रोज चर्चात मिस्सेला बसवते. मी रविवारी दोन तास मागितले तर म्हणते, मोनिका, देव घरातही असतो. मग स्वतः गाडी काढून मंदिरात कशाला जाते गो?" चिताऱ्यालाही सोडायची नाही. "रेशमाची सुरकुती न् सुरकुती रंगवलीय मेल्यानं. गरिबणीला तोंडच नाही, नुसते पाय."

एकदा पाहुणे यायच्या आधी फ्रेम पुसताना मला वाटलं, तळव्यांवर धूळ बसलीय. मॅडम ओरडतील म्हणून साबणाच्या फडक्यानं चोळले. टाच फडक्यावर आली.

मॅडमच्या मुलानं आधी पाहिलं. "मॉम, हर हील इज गॉन."

"कोणी हात लावला?"

माझ्या पगारावर गावी तीन मुलं. फडकं मी पाठीमागे धरलं. मोनिकाबाय कणकेच्या हातांनी बाहेर आली. "मी पुसलं. मळकं दिसलं."

नंतर मला म्हणाली, "गप राहा. मला काय काढतेय ही, नऊ वर्षांची मी."

काढलं. चार दिवसांत तिकीट हातात. मी खरं सांगते म्हटलं तर डाफरली, "दोघी घरी बसून काय करू? चित्राला आरती ओवाळू?" बॅग भरताना पायाचा तळवा वर करून दाखवला, भेगाच भेगा. "ह्यांना कधी मलम नाही दिलं. त्या कापडावरच्या टाचेला लंडनचा डॉक्टर बोलावलाय."

चित्र दुरुस्त होऊन पुन्हा भिंतीवर आहे. मीही आहे, अजून गप्पच.

इन्शाल्ला, एक दिवस वसईला जाईन. महिनाभर मोनिकाबायकडे राहीन. स्वयंपाक, भांडी, फरशी सगळं मी करीन. ती मिस्सेहून येईल तेव्हा गरम जेवण वाढलेलं असेल. मग तिनं बसून माझ्या हाताला हवी तेवढी नावं ठेवावीत.