घाग भाऊसाहेबांचं टेबल

घाग भाऊसाहेबांवर काहीतरी लिहून द्या, असं शाळेच्या स्मरणिकेवाल्यांनी मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी डोळ्यांच्या ऑपरेशनचं कारण पुढे केलं. ऑपरेशन एकदाच झालं होतं. खरं म्हणजे त्यांच्याविषयी लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. पत्नीलाही नाही. आता मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. ती गोष्ट ज्या बैठकीत घडली तिला जे हजर होते त्यांतला मी एकटाच उरलो आहे. मी गेलो की शाळेच्या इतिवृत्ताच्या वहीत लिहिलेलं तेवढंच खरं ठरेल. आणि ते माझ्याच अक्षरात आहे.

शांताराम घाग आमच्या अंबरनाथच्या शाळेत कारकून होते. शाळेच्या कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे, तसे तेही भाऊसाहेब. मूळचे खेडकडचे, राहायला बदलापूरला हेंद्रेपाड्यात. अंगाने किडकिडीत, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डाव्या हाताने लिहायचे म्हणून त्या हाताच्या कडेला कायम निळी शाई. पगारपत्रकं, हजेरीपट, दाखले ही त्यांची नोकरी. पण जून महिन्यात, दहावी-बारावीचे निकाल लागले की, ते आपलं टेबल शिपायाच्या मदतीने कचेरीबाहेर व्हरांड्यात आणून लावत. मग दोन-तीन आठवडे त्या टेबलाभोवती आमच्या शाळेचीच नव्हे, उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतची मुलं आणि आईबाप जमत.

टेबलावर काच होती आणि काचेखाली भूगोलाच्या तासाला वापरतात तसा महाराष्ट्राचा नकाशा. त्यावर भाऊसाहेबांनी शाईने ठिपके काढले होते. रत्नागिरीला मासे, दापोलीला शेतकी, इचलकरंजीला कापड, नागपूरला खाणी, कुठे औषधं, कुठे छपाई. प्रत्येक ठिपक्याशी मुंगीएवढ्या अक्षरात काहीबाही. मूल समोर आलं की त्याचं बोट धरून ते अंबरनाथवर ठेवायचे आणि म्हणायचे, "हं, आता फिरव. मुंबई संपली म्हणजे महाराष्ट्र संपत नाही. कल्याणच्या पुढेही एसटी जाते."

हे सगळं त्यांना कसं ठाऊक, याचं आम्हा शिक्षकांना नवल वाटायचं. उत्तर साधं होतं. दर मे महिन्यात ते एसटीने निघायचे आणि एकेक भाग बघून यायचे. प्राचार्यांना वगैरे भेटायचे नाहीत. "प्राचार्य माहितीपत्रक वाचून दाखवतात. ते मला घरीही वाचता येतं," असं म्हणायचे. कॉलेजच्या पायऱ्यांवर बसायचे, हॉस्टेलच्या रखवालदाराशी गप्पा मारायचे, खानावळीत जेवायचे. आल्यावर नकाशावर लिहायचे, 'पाणी एक दिवसाआड', 'शेवटची बस सहाला', 'मागच्या वर्षीची मुलं कुठे लागली ते कुणी सांगेना'.

मार्क ते शेवटी विचारायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "घरी पाणी कोण भरतं?" मी नवीन असताना मला तो चावटपणा वाटला होता. मग एकदा जांभूळ गावचा एक शेतकरी मुलीला घेऊन आला तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

"सायेब, पोर धावी पास झाली. आता हिला कंचं कालेज?"

"पाणी कोण भरतं घरी?"

"हीच भरते नं."

"मग ही शिकायला गेल्यावर?"

"हिची आय भरंल."

"आईला विचारलंत?"

"त्यात काय इचाराचं?"

"तेच विचारायचं. उद्या विचारून या, मग कॉलेजचं बोलू. नाहीतर दिवाळीनंतर पोर परत विहिरीवर."

दुसऱ्या दिवशी आई स्वतःच आली. पदर खोचलेला, पायांना चिखल. म्हणाली, "भरंन मी. पन तिला माझ्यावानी नका ठेवू." मुलीचं नाव सुमन. तिला रसायनशास्त्र आवडायचं. भाऊसाहेबांनी तिला आयटीआयचा एक कोर्स सुचवला, केमिकल कंपन्यांच्या प्रयोगशाळेत काम मिळवून देणारा. "दोन वर्षं शिक, मग शिकाऊ उमेदवारी. कंपन्या इथेच आहेत, घर सोडायला नको." बाप म्हणाला, "आयटीआयमधी पोरी जातात काय?" भाऊसाहेब म्हणाले, "एक गेली की जातात." सुमन गेली आणि पुढे नोकरीलाही लागली. पहिल्या पगाराचे पेढे तिने आम्हा शिक्षकांच्या खोलीत न आणता थेट त्या टेबलावर ठेवले, हे मला तेव्हा किंचित लागलं होतं.

बाप मुलाच्या वतीने बोलू लागला की ते त्याला थांबवायचे. "ज्याचं त्याने सांगावं," हे त्यांचं पेटंट वाक्य. उल्हासनगरचा एक सिंधी कापडदुकानदार आपल्या मुलाला घेऊन आला होता. मुलगा बोलायला तोंड उघडायचा आणि बाप बोलायचा.

"भाई, पढके क्या करेगा? गल्लेपे तो बैठना है."

"सेठ, ज्याचं त्याने सांगावं. क्या रे, तेरेको क्या मंगता?"

मुलाला कापड कसं विणतात ते शिकायचं होतं. भाऊसाहेबांनी त्याचं बोट पार खाली सरकवलं.

"इचलकरंजी?" शेठ ओरडला. "ये कौनसे मुलुक में है?"

"महाराष्ट्रमेंच है. एसटी जाती है."

"उधर खायेगा क्या?"

"मैं खाके आया ना. तिखट है. एक महिना रोयेगा, बाद में तुम्हारे घर का फिका लगेगा. तुम दूसरे का कपडा बेचता है सेठ, ये अपना बनायेगा."

शेठ हसत सुटला. पोरगं गेलं.

माझा मुलगा मुकुंद दहावी झाला तेव्हा मी काही त्याला टेबलाशी नेलं नाही. गणिताच्या शिक्षकाने कारकुनाकडे सल्ला मागायचा? पण भाऊसाहेबांनी मला जिन्यात गाठलं. "सर, विचारलं नाहीत तरी सांगतो. मुकुंदाला डिप्लोमाला घाला. परवा शाळेची घंटा बिघडली, ती त्याने उघडून दुरुस्त केली. त्याचे हात चालतात. पुस्तकाशी त्याची दोस्ती नाही. डिप्लोमा चांगला झाला तर पुढे डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, दार बंद होत नाही."

मी म्हणालो, "भाऊसाहेब, माझा मुलगा इंजिनिअर होणार आहे. मेकॅनिक नाही."

ते म्हणाले, "बरं." एवढंच.

मुकुंद बारावी सायन्सला गेला आणि निकाल लागला तो कुठल्याही सरकारी कॉलेजात न बसणारा. खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजं तेव्हा नुकती निघू लागली होती. देणगी दिली की प्रवेश. मी शिक्षकांच्या खोलीत या देणगीवर तावातावाने बोलत असे, 'विद्येचा बाजार' वगैरे. त्यातच आमचे हेडमास्तर निवृत्तीला आले होते, मी पर्यवेक्षक होतो आणि खुर्ची माझ्याकडे येणार असं सगळे धरून चालले होते. अशा वेळी मी ओळखीतून एका कॉलेजच्या दलालाला गाठलं. घरी बोलावलं तर पत्नीला कळेल, म्हणून शाळेत बोलावलं.

तो लवकर आला. सफारी, हातात काळी बॅग. माझे लागोपाठ दोन तास होते. मी त्याला व्हरांड्यात भाऊसाहेबांच्या टेबलाशी नेलं आणि म्हणालो, "माझे पाहुणे आहेत, जरा बसू द्या." तिथे गर्दी असते, कुणाचं लक्ष जाणार नाही, हा माझा हिशेब. भाऊसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. 

तासाभरात त्या माणसाने आपला धंदा मांडला. समोर चिंतातुर आईबापांची रांगच होती. भाऊसाहेब दाखला आणायला आत गेले तेवढ्यात त्याने दोघा-तिघांना कॉलेजचे कागद वाटले आणि देणगीचे आकडेही सांगितले. त्यांतल्या एका पालकाने संध्याकाळी संस्थेच्या अध्यक्षांचं घर गाठलं. "तुमच्या शाळेत कारकून दलाल बसवून धंदा करतो."

चार दिवसांनी संस्थेची बैठक झाली. अध्यक्ष, दोन सदस्य, हेडमास्तर, आणि इतिवृत्त लिहायला मी. भाऊसाहेबांना उभं ठेवलं होतं.

अध्यक्षांनी विचारलं, "घाग, तो इसम तुमच्या टेबलाशी बसला होता?"

"बसला होता."

"कुणाकडे आला होता?"

भाऊसाहेब म्हणाले, "माझ्या टेबलाशी बसला हे खरं. मी त्याच्याकडून काही घेतलेलं नाही हेही खरं. कुणाकडे आला होता, ते ज्याचं त्याने सांगावं."

एक सदस्य हसले. "म्हणजे आता दलालाला चहाला बोलावून विचारायचं काय?"

भाऊसाहेब अध्यक्षांकडे बघत उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत होतो. आता सांगत नाही. त्यांनी मला बोलायला जागा करून दिली होती आणि मी मान खाली घालून पेनचं टोपण काढलं.

"लिहा जोगळेकर सर," अध्यक्ष म्हणाले.

मी लिहिलं, 'सदर इसम कारकुनाच्या टेबलाशी बसलेला आढळला. तो कोणाकडे आला होता याचा खुलासा कारकुनाने केला नाही.' दोन्ही वाक्यं खरी आहेत. खऱ्या विधानांवरून चुकीचा निष्कर्ष कसा निघतो, हे मी नववीला शिकवत असे.

भाऊसाहेबांची बदली संस्थेच्या उल्हासनगरच्या शाळेत झाली. प्रवेशाच्या कामात यापुढे लक्ष घालायचं नाही, अशी लेखी ताकीद मिळाली. जायच्या दिवशी ते काचेखालचा नकाशा काढत होते. दमटपणाने तो काचेला चिकटला होता. ओढला तर कोकण आणि घाट हातात आले, विदर्भ काचेलाच राहिला. त्यांनी पट्टीने खरवडून बघितलं आणि सोडून दिलं. मी दारात उभा होतो. म्हणाले, "सर, काच भिजवून पुसून घ्यायला सांगा. नव्या माणसाला अडचण नको."

पुढच्या जूनमध्ये मी हेडमास्तर होतो. आईबाप सवयीने आले. "भाऊसाहेब कुठं हायत?" "बदली झाली." मग ते माझ्या खोलीत येत. मी मार्क विचारी आणि सांगे, सायन्स घ्या, नाहीतर कॉमर्स घ्या. ऐंशीच्या वर असेल तर पाठ थोपटी. त्या टेबलावर आम्ही नवं सायक्लोस्टाइल मशीन ठेवलं. जांभूळकडची किंवा कुठल्याही गावाची मुलगी त्यानंतर आमच्या शाळेतून आयटीआयला गेल्याचं मला आठवत नाही. मुकुंद देणगीच्या कॉलेजात चाराची सहा वर्षं काढून बाहेर पडला आणि आज विजेच्या जळक्या मोटारी रिवाइंड करण्याचा छोटा कारखाना चालवतो. तिथे तो सुखी आहे. हाताने काम करतो.

नव्वदच्या दशकात, आम्ही दोघंही निवृत्त झाल्यावर, एका रविवारी मी हेंद्रेपाड्याला गेलो. शिवमंदिराजवळच्या माझ्या घरापासून बदलापूर ते काय लांब! तरी मला दहा वर्षं लागली होती. काय बोलायचं ते वाटेत तीनदा मनात म्हणून झालं होतं. भाऊसाहेब पायरीवर वाल सोलत बसले होते. केस सगळे गेले होते. "या सर," म्हणाले आणि सुपासकट आत सरकले, मला जागा व्हावी म्हणून.

इकडतिकडचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात शेजारच्या बाई बारावी झालेल्या मुलीला घेऊन आल्या. "काका, तुम्ही शाळेत होतात ना? हिला पुढे काय करू हो?"

भाऊसाहेब म्हणाले, "मी हजेरीपट लिहायचो, वहिनी. मला त्यातलं कळत नाही. हे सर हेडमास्तर होते. यांना विचारा."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मुलगी माझ्याकडे वळली. मी म्हणालो, "बी.एस्सी. कर. जवळचं कॉलेज बघ." तिने मान हलवली. भाऊसाहेबांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. मुलीला काहीतरी विचारावं असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. ते उठले. "चहा टाकतो," म्हणाले आणि त्या दोघी जाईपर्यंत आतच राहिले.

निघताना ते मला रिक्षापर्यंत सोडायला आले. मी थांबलो. "भाऊसाहेब, त्या बैठकीत…"

"मुकुंदा काय करतो हल्ली?" त्यांनी विचारलं.

मी कारखान्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला. मनापासून म्हणाले, "वा! छान झालं. या परत, सर." रिक्षावाल्याने हॉर्न दिला आणि मी बसलो. परत आलो की बोलू, असं ठरवलं.

परत गेलो तो त्यांच्या तेराव्याला. त्यांच्या पत्नीने विचारलं, "तुम्ही यांच्या शाळेतले का? शाळेचं घरात कधी काही काढलं नाही हो यांनी." मी म्हणालो, "फार चांगले होते." तिथेही एवढंच जमलं.

त्या रविवारी रिक्षापाशी मी जे बोलायला गेलो होतो ते असं होतं. भाऊसाहेब, तो माणूस माझ्याकडे आला होता. तुम्हाला ते ठाऊक होतं. चार माणसांसमोर ते मी सांगायला हवं होतं, आणि मी लिहीत बसलो. मला क्षमा करा.