गुळाने चिकटलेलं बारसं

परंदवडीच्या हौशीरामला कारखान्यात मोठा मान होता, कारण तो नेमकं काय करतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पूर्वी तो बॉयलरवर असताना निदान तोंड काळं दिसायचं. मग कारखान्याने त्याला पुण्याला शिकायला धाडलं, आणि गडी परतला तो पांढरा सदरा घालून, कॉम्प्युटरवाला होऊन. गावात कुणी विचारलं तर ऐटीत सांगायचा, "यंत्राला शहाणं करतो."

"मंग आदी आमच्या निवृत्तीला कर की!" पारावरून उत्तर यायचं.

त्र्याहत्तरच्या दसऱ्याला मात्र यंत्रच अडून बसलं. नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली होती, म्हणजे यंत्राने कसं वागावं याच्या साऱ्या मूळ आज्ञा, भोकं पाडलेल्या कार्डांवर, पेटीभर. ती कार्डं वाचून यंत्राने स्वतःच सिस्टिम बांधायची. सोमवारपर्यंत बांधली नाही, तर यंत्र मुंबईच्या कचेरीत जाणार आणि हौशीराम पुन्हा बॉयलरवर.

रविवारी सकाळपासून तो आणि त्याचे वरिष्ठ सोहोनी साहेब कार्डं घालत होते. दर वेळी यंत्र मध्येच थांबून छापायचं : टेप चालवणारा भाग सापडत नाही.

"यंत्राची मेमरी बिघडली असणार," सोहोनी साहेब घाम पुसत म्हणाले.

हौशीरामने कार्डं वाचणारा भाग ब्रशने झाडला, बैलाच्या पाठीवर मारावी तशी यंत्रावर थाप मारली. "उट की लेका, आबरू जाईल माजी!"

यंत्राने पुन्हा तेच छापलं. अगदी तेच! हौशीराम थबकला.

"सायेब, यंत्र बिघडलं असतं तर एकदा हितं अडलं असतं, एकदा तितं. ह्ये एकाच जागी अडतंय. खोट कार्डात हाय."

"अरे हो की! नंबर तपासू," म्हणत साहेबांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या.

दोघे जमिनीवर मांडी घालून पत्ते पिसणाऱ्यांसारखे बसले. कार्डांच्या कोपऱ्यातले नंबर बघत जाताना एके ठिकाणी एक नंबर गायब! त्याआधीचं कार्ड हाताला जाड लागलं, आणि त्याच्या कडेवरून एक मुंगी निवांत चालली होती. मागोमाग तिचं सगळं कुटुंब.

हौशीरामचा चेहरा पडला. शुक्रवारी खंडेनवमीची पूजा त्यानेच केली होती. यंत्राला झेंडूची माळ आणि कार्डांच्या उघड्या पेटीवर बायकोने, शालूबाईने, घरून दिलेला गुळाचा खडा. सुटीसाठी खोली गार ठेवणारं यंत्र बंद केलं, आश्विनातल्या उन्हाने गूळ पाघळला, आणि दोन कार्डं एकजीव झाली. मागचं कार्ड यंत्राने वाचलंच नव्हतं, आणि टेप चालवणाऱ्या भागाचं नाव नेमकं त्याच्यावर होतं.

"म्हणजे पोर घरातच होतं!" साहेब हसून लोळायचे बाकी राहिले. "फक्त बारसं झालं नव्हतं!"

"सायेब, गूळ म्या ठेवला," हौशीराम पुटपुटला.

"प्रसाद यंत्रालाही हवाच की. पण पुढच्या वर्षी साखर ठेव. कोरडी!"

दोन्ही कार्डं नव्याने पंच केली, जागेवर घातली. यंत्र खडखडलं, अडायची जागा आली, हौशीरामने डोळे मिटले. खडखड थांबली नाही. शेवटी कागदावर उमटलं : सिस्टिम तयार.

तो कागद घेऊन हौशीराम सायकलवरून घरी निघाला तो जणू नवरीच घेऊन. शालूबाईने सगळी हकिगत ऐकली आणि पदर कंबरेला खोचला.

"बगा! आमचा गूळ खाल्ला म्हनून शानं झालं. मुंबईला जाऊन मिळाला असता का त्याला?"

"न्हाई गं," म्हणत हौशीरामने पांढरा सदरा काढून खुंटीला लावला. उद्या तोच घालायचा होता.