कराळचा तुटका कान

मी एका जनावराला तीन वेळा कुऱ्हाडीनं मारलंय. तिन्ही वेळा भिवानं ते परत जिवंत केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कराळ म्हणजे आमच्या मोबाइल गेमचा बॉस, शेवटच्या लेव्हलचं जनावर. भिवा त्याचं डिझाइन करायचा, मी कोडिंग. पुंडलिकनगरात पिठाच्या गिरणीवर आमची एक खोली होती. कीबोर्डवर कायम ज्वारीचं पीठ.

मागच्या वर्षी याच दिवशी वाळूजच्या रस्त्यावर एका ट्रकनं भिवाला मागून उडवलं. हेल्मेट होतं. काही उपयोग झाला नाही.

पहिल्या भागातला कराळ रेड्याएवढा होता. दोन शिंगं, सहा पाय, तोंडातून जाळ. सगळं माझ्या हट्टापायी. भिवानं स्वतःची एकच गोष्ट घातली: डावा कान अर्धा तुटलेला.

"हे कशाला?"

"राहू दे ना यार."

दुसऱ्या भागात जाळ गेला, जास्तीचे दोन पाय गेले. कान तसाच, वर मागचा एक पाय लंगडा. तिसऱ्यात शिंगंही गेली. अंगानं वासराएवढा, आणि एक डोळा फुटलेला.

लोकांना वाटलं, आपण आधीच्या भागात घातलेले घाव पुढच्या भागात दिसतात. कमेंटमध्ये नुसता जल्लोष. "तो पाय मीच तोडला होता भावा!"

मलाही तेच वाटलं. एका कॉलेजात मी ही आमची भारी आयडिया म्हणून भाषणही ठोकून आलो. भिवा पहिल्या रांगेत बसून नखं खात होता.

मारामारी तर अशी की विचारू नका. कुऱ्हाड हाडात रुतते तो आवाज आम्ही नारळ फोडून रेकॉर्ड केला होता. घाव बसला की रक्त थेट स्क्रीनवर उडायचं आणि ओघळत खाली यायचं. मला त्या ओघळाचा फार अभिमान होता.

एकाच गोष्टीवरून आमची जुंपायची.

शेवटच्या घावाआधी कराळनं खेळणाऱ्याच्या नरड्यावर झेप घ्यायची, असं मी लिहिलेलं. भिवा दर वेळी ते गुपचूप बदलायचा. त्याचा कराळ झेप घ्यायचाच नाही. मान खाली घालून लंगडत लंगडत चालत यायचा.

मी ते बग म्हणून उडवायचो. अरे, बॉस आहे तो, पाहुणा नाही.

तिसऱ्या वेळी उडवलं तेव्हा भिवानं माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. ओठ फुटला. मीही त्याच्या नाकावर एक ठेवून दिली. दोघांचे शर्ट रक्तानं माखले, आणि हे रक्त मी डिझाइन केलेलं नव्हतं.

"झेप घेतली नाय त्यानं! एकदा बी चावलं नाय!" भिवा किंचाळत होता.

"कोण चावलं नाही?"

त्यानं कॉलर सोडली. खाली जाऊन दोन चहा सांगून आला. विषय संपला. झेप मी तशीच ठेवली.

तो गेल्यावर त्याच्या लॅपटॉपमध्ये चौथ्या भागाची फाइल सापडली. साधं कुत्र्याएवढं जनावर. शिंग नाही, जखम नाही. दोन्ही कान शाबूत, दोन्ही डोळे उघडे. गळ्यात लाल दोरी.

मला वाटलं, बिचाऱ्याचं काम अर्धवट राहिलं. म्हणून मी ते पूर्ण केलं. कान तोडला, डोळा फोडला, शिंगंही परत लावली. मित्राचं राहिलेलं काम करतोय म्हणून रडलोसुद्धा.

मागच्या आठवड्यात तिथीनं वर्षश्राद्ध होतं. फुलंब्रीकडं त्याच्या गावी गेलो. त्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, अजून मेंढरं राखतात. पोराचं काम त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मी मोबाइलवर दाखवलं. पहिला भाग, दुसरा, तिसरा.

तात्यांनी काचेवर बोट ठेवलं. आधी कानावर, मग पायावर, मग डोळ्यावर.

"ह्यो तर हिऱ्या हाय," ते म्हणाले. "आमचं कुत्रं."

मी खेळ थांबवला.

"कोकरं मारायला लागलं व्हतं. रक्ताची चटक लागली की कुत्रं ठिवत नाय आमच्या घरात. आन ते ज्याच्या हातचं खातं, त्यानंच मारायचं. भिवा दहावीला व्हता. म्याच कुऱ्हाड देली हातात."

"तात्या, राहू द्या."

"हात थरथरत व्हता पोराचा. पयला घाव कानावर बसला. दुसरा पायावर. तिसरा डोळ्यावर. पळालंच नाय ते. लंगडत त्याच्याकडंच आलं, शेपूट हालवत. मंग चौथा..."

 मी फोन बंद करून खिशात टाकला.

भिवा, साल्या, सांगायचं ना मला. तीन वेळा तू त्याला सरळ चालत आणलंस आणि तिन्ही वेळा मी त्याला चावायला लावलं. तो तुला चावणारा नव्हता. माफ कर यार.

आज चौथा भाग आलाय. माझी शिंगं, माझ्या जखमा सगळ्या पुसल्या. तुझी फाइल आहे, जशीच्या तशी. ज्यांना 'डाउनग्रेड' लिहायचंय त्यांनी खुशाल लिहा, मी एकेकाला ब्लॉक करणार आहे. कुऱ्हाड अजून हातात येते. पण आता ती खाली ठेवायचं बटण आहे.

सकाळी गावी जाऊन आधी तात्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी स्क्रीनवरच्या कुऱ्हाडीवर अंगठा ठेवला.

"खाली कुठून ठिवायची ही?"

मी बटण दाखवलं. कुऱ्हाड पडली. हिऱ्या मान खाली घालून चालत आला आणि पायाशी बसला.

तात्यांनी बराच वेळ फोन परत दिला नाही. मीही मागितला नाही.

नीट जा भिवा. हिऱ्याला सोबत घे.

भावपूर्ण श्रद्धांजली, दोघांनाही.